तीर्थनच्या पाण्यावर सहा दिवस: मुंबईहून ट्राउटच्या फ्लाय फिशिंगला

निघायच्या आधी

हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीवर ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी सहल ठरली की मुंबईचा माणूस आधी फ्लायची, म्हणजे हुकावर पिसं बांधून केलेल्या नकली किड्यांची, खरेदी करायला बसतो. रंगीत पिसं, चमचमते मणी, शंभर खणांच्या डब्या. खरं तर पैसा आणि वेळ दोन्ही दोरीवर घालवायला हवेत. पवईच्या तलावावर गळ टाकताना शिसं आणि पिठाचा गोळा जड असतो, तोच दोरी ओढून नेतो. फ्लायला पिसाइतकंही वजन नसतं. इथे दोरीच जड असते: पाच नंबरच्या दोरीचे पहिले तीस फूट 140 ग्रेन भरतात, म्हणजे सुमारे नऊ ग्रॅम. फेकायची दोरी, फ्लाय नुसती मागून जाते. आणि मासा बिचकतो तोही बहुतेक वेळा फ्लायला नाही, दोरीला.

म्हणून निघण्याआधी किमान आठदहा सकाळी सराव हवा. शिवाजी पार्कात साडेसातनंतर क्रिकेटवाले येतात, तेव्हा सहाला पोचायचं. हुकाऐवजी लीडरच्या (दोरीपुढच्या निमुळत्या, पारदर्शक धाग्याच्या) टोकाला लोकरीचा सेंटिमीटरभर तुकडा बांधायचा. गच्चीवर सराव करू नका, काँक्रीटने दोरीचं आवरण खरवडतं आणि मग ती तरंगत नाही. जुहूच्या वाळूवरही नको, खारी रेती रीळमध्ये गेली की करकर सुरू होते. लांब फेकायचा हट्ट नको. डोंगरी नदीवर पंचवीस-तीस फूट सरळ गेली तरी भरपूर झालं.

तारखांचा घोळ दरवर्षी होतो. हिमाचलात ट्राउटचा बंदी हंगाम 1 नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर असतो, कारण ब्राउन ट्राउट थंडीच्या तोंडावर अंडी घालतो. शाळेच्या दिवाळीच्या सुट्टीत जाऊ म्हणणाऱ्यांनी आधी कॅलेंडर बघावं. 2025 ची दिवाळी 20-21 ऑक्टोबरला होती, तेव्हा जमलं असतं. 2026 ची नोव्हेंबरात आहे, तेव्हा परवानाच मिळणार नाही. मार्च-एप्रिल चांगला. मेच्या मध्यापासून बर्फ वितळून पाणी दुधाळ होतं, पावसाळ्यात गढूळ. सर्वात स्वच्छ पाणी ऑक्टोबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत मिळतं, आणि पुढचं सगळं त्याच दिवसांचं आहे.

सामान: चार किंवा पाच नंबरचा, साडेआठ ते नऊ फुटी, चार तुकड्यांचा रॉड. त्याच नंबरची, पुढे जड असलेली तरंगती दोरी. नऊ फुटी निमुळते लीडर चार. टिपेटची, म्हणजे लीडरच्या टोकाला जोडायच्या बारीक धाग्याची, 4एक्स आणि 5एक्सची प्रत्येकी एक गुंडाळी (जाडी अनुक्रमे 0.18 आणि 0.15 मिमी). ध्रुवित काचांचा तपकिरी झाकेचा चष्मा, कारण तो नसेल तर पाण्यात नुसतं आकाश दिसतं. हुकाचा काटा दाबायला बारीक पक्कड. फ्लाय वीस-पंचवीस बस्स: पॅराशूट ॲडम्स, एल्क हेअर कॅडिस, फेझंट टेल, हेअर्स इअर, 12 ते 18 नंबरांत (नंबर मोठा तितका हुक लहान), आणि दोनतीन काळे वूली बगर.

गाइड ठरवताना एकच प्रश्न विचारा: "तुम्ही स्वतः फ्लाय टाकता की स्पिनर (पाण्यात गरगरणारं धातूचं आमिष)?" खोऱ्यातले बरेच जण स्पिनरवर वाढलेत. त्यांना मासा कुठे असतो ते अचूक कळतं, पण दोरी पाण्यावर कशी पडावी हे सांगता येत नाही. दोन माणसांमागे एक गाइड, याहून जास्त गर्दी नको.

पहिला दिवस: मुंबई ते गुशैणी

सकाळचं पहिलं विमान धरून चंदीगड. नऊ फुटी रॉडचे चार तुकडे झाले तरी नळी पाऊण मीटरच्या आसपास भरते, केबिन बॅगेच्या मापात बसत नाही. ती मोठ्या बॅगेत कपड्यांच्या मधोमध ठेवून चेक-इन करायची. हुक आणि पक्कडही त्याच बॅगेत. सुरक्षा तपासणीत फ्लायची डबी निघाली तर वाद घालून उपयोग नसतो.

चंदीगडहून गाडी. रस्ता पूर्वीपेक्षा बरा आहे, तरी थांबे धरून आठ तास मोजा. मंडी ओलांडली की बियास डाव्या-उजव्या हाताला दिसत राहते. थलौटजवळ नदीचं पात्र रुंद आणि शांत वाटतं, फोटो काढायला उतरावंसं वाटतं. उतरू नका. जून 2014 मध्ये इथेच लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे 24 विद्यार्थी वाहून गेले. धरणाखालच्या पाण्याला वेळ-काळ नसतो, आणि याच कारणाने बियासच्या या पट्ट्यात फ्लाय टाकायचा विचारही करायचा नाही. तीर्थनवर वीजप्रकल्पाचं धरण नाही, हेच तिकडे जायचं मोठं कारण.

औटचा बोगदा लागण्याआधी उजवीकडे वळायचं. बोगद्यात शिरलात तर थेट कुल्लूकडे निघालात, आणि दसऱ्याचे सात दिवस असतील तर तिथल्या गर्दीत अडकलात म्हणून समजा. औट ते बंजार पंचवीसेक किलोमीटर, पुढे तीर्थनकाठचं गुशैणी गाव नऊ-दहा. संध्याकाळी सामान उघडण्याआधी परवान्याचं काम होमस्टेवाल्याकडे द्या. तो मत्स्यविभागाचा असतो, दिवसाच्या हिशेबाने, नावावर. किती मासे ठेवता येतात आणि किती लांबीखालचा सोडावा लागतो ते नियम तिथेच वाचून घ्या.

दुसरा दिवस: आधी गवत, मग पाणी

ऑक्टोबरात पहाटे उठून उपयोग नाही. दरी अरुंद, ऊन पाण्यावर उशिरा पोचतं, आणि थंड पाण्यात मासा सुस्त असतो. पाणी दहा ते सोळा अंशांच्या दरम्यान असलं की तो नीट खातो. दोराला बांधलेला साधा थर्मामीटर खिशात असावा. (उन्हाळ्यात उलट होतं: सकाळचं पाणी कमी आणि स्वच्छ, दुपारी वरचा बर्फ वितळून चढतं.)

सकाळ घराजवळच्या गवतावर. मुंबईकराचा हात इथे हमखास चुकतो, आणि त्याला क्रिकेट जबाबदार आहे. चेंडू फेकताना हात शेवटपर्यंत सोडून द्यायची सवय लागलेली असते. इथे रॉड मध्येच खाडकन थांबवायचा असतो. घड्याळाच्या काट्यांवर बघा: पुढे दहावर थांबा, मागे एकवर थांबा, बस्स. थांबल्यावर दोरी मागे पूर्ण सरळ होईपर्यंत वाट पाहायची. मान वळवून बघा, त्यात कमीपणा नाही. दोरी उलगडायच्या आधी पुढे हिसका दिला की चाबकासारखा फट्ट आवाज येतो. तो आवाज आला म्हणजे फ्लाय तुटून गेली. पुढची दहा मिनिटं नुसत्या टिपेटने मासेमारी करणारे लोक कमी नाहीत.

मनगट फार वळत असेल तर रॉडचं बूड फुलबाहीच्या शर्टाच्या बाहीत खोचा. मनगट वळलं की बाही ताणते, लगेच कळतं. आणि लीडरमध्ये आपोआप गाठ पडत असेल तर वाऱ्याला दोष देऊ नका. पुढे नेताना एकदम जोर लावल्याने दोरीचं टोक स्वतःलाच ओलांडतं, आणि त्यातून ती गाठ पडते. ती दिसली की टिपेट कापून नवा जोडायचा, कारण मोठा मासा तुटतो तो बरोबर तिथेच. जोडायला दुहेरी सर्जन गाठ, फ्लाय बांधायला क्लिंच गाठ. आवळायच्या आधी गाठ थुंकीने ओली करायची, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन कमजोर होतं.

दुपारी नदी. गाइड सगळ्यात आधी पाण्यातला एक गोटा उचलून उलटा करतो. खालच्या बाजूला काय चिकटलंय ते बघा: पोटाच्या कडेला कल्ल्यांची झालर आणि बहुधा तीन शेपट्या असलेली मेफ्लायची अळी, दोन शेपट्यांची, चपळ स्टोनफ्लाय, आणि वाळूचे कण चिकटवून नळीत राहणारी कॅडिस. डबीतल्या फेझंट टेलशी मेफ्लायची अळी जुळवून बघितली की रंगीबेरंगी फ्लायचा मोह आपोआप जातो. गोटा होता तसा परत ठेवायचा.

पहिल्या दुपारी मासा लागला नाही तरी हरकत नाही. पाण्यात उभं राहायला शिकणं हेच काम. पाय उचलून टाकू नका, सरकवत न्या. प्रवाहाकडे तोंड, हातात काठी, गुडघ्याच्या वर पाणी जाऊ द्यायचं नाही. वेडर्स (पाण्यात उभं राहायची छातीपर्यंतची जलरोधक विजार) घातले असतील तर कमरेचा पट्टा आवळलेलाच हवा. पडलात तर तो पट्टाच आत पाणी भरू देत नाही. तीर्थनचे गोटे गोल आणि शेवाळलेले आहेत. ट्रेकिंगचे बूट सपशेल घसरतात. फेल्टच्या (नमद्याच्या) तळव्याचे किंवा खिळ्यांचे बूट गाइडकडे भाड्याने असतील तर आधीच पायाचं माप कळवा.

तिसरा दिवस: निंफ, आणि दोरीचा धडा

आजचा दिवस सगळ्यात कामाचा. निंफ म्हणजे पाण्याखालच्या अळीसारखी, बुडणारी फ्लाय. गुशैणीच्या खाली, नागिनीच्या बाजूला नदी मोठ्या धोंड्यांमधून उतरते. डोह, खळाळ, पुन्हा डोह. मासा तोंड प्रवाहाकडे करून उभा असतो, म्हणून खालून वर जायचं. तो मध्य धारेत नसतो, तिथे टिकून राहायला फार ताकद लागते. वेगवान आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातं, पृष्ठभागावर फेसाची रेघ दिसते, तिथे तो संथ बाजूला उभा राहतो आणि वेगवान बाजूने येणारं अन्न टिपतो. मोठ्या धोंड्याच्या मागे असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. धोंड्याच्या पुढेही पाण्याची उशी तयार होते आणि तिथेही असतो, हे फार थोडे बघतात.

मांडणी अशी: लीडरवर छोटा इंडिकेटर (तरंगणी), त्याखाली जड मण्याची हेअर्स इअर 14 नंबर, तिच्या हुकाच्या वाकणाला 45 सेंटिमीटर टिपेट बांधून मागे फेझंट टेल 16 नंबर. इंडिकेटर ते पहिली फ्लाय हे अंतर पाण्याच्या खोलीच्या दीडपट. पाचसहा फेकींत एकदा तरी फ्लाय तळाला घासली पाहिजे. कधीच घासत नसेल तर शिशाचा एक बारीक दाणा वाढवा. प्रत्येक वेळी अडकत असेल तर इंडिकेटर खाली सरकवा. अडकली तर रॉड वाकवून ओढू नका, टोक मोडतं. रॉड अडकलेल्या जागेच्या रेषेत धरा, दोरी हाताने सरळ ओढा.

आता खरी गोष्ट. तुमच्या आणि माशाच्या मध्ये वेगवान धार आहे. दोरी त्या धारेवर पडते, धार तिला खाली ओढते, दोरीचा पोट फुगतो आणि फ्लायला फरफटत नेतो. पाण्यात सुटलेली अळी कधी प्रवाहापेक्षा जोरात पळत नाही. मासा हे जन्मल्यापासून बघत आलाय. इंडिकेटर शेजारच्या फेसाच्या बुडबुड्याच्या पुढे निघून जात असेल तर फ्लाय फरफटतेय. तो बुडबुड्याच्या बरोबरीने किंवा किंचित मागे वाहिला पाहिजे, कारण तळाचं पाणी वरच्यापेक्षा संथ असतं.

उपाय म्हणजे मेंड: फेक पाण्यावर पडताक्षणी रॉडच्या टोकाने दोरीचं पोट उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकायचं. हात उंच, हालचाल अर्धवर्तुळाची, इंडिकेटर जागेवरून हलता कामा नये. उशीर केला तर दोरी पाण्याला चिकटलेली असते आणि मेंड करताना फ्लायच ओढली जाते. जवळच्या खळाळात याहून सोपं काम आहे: दोन पावलं पुढे जा, रॉड उंच धरा, दोरी पाण्यावर पडूच देऊ नका, फक्त लीडर पाण्यात. गाइड दिवसभर "लाइन उठाओ, लाइन उठाओ" म्हणत राहतो ते यासाठी. ऐकून वैताग येतो, पण फ्लाय बदलण्यापेक्षा तेवढं ऐकलेलं बरं. अर्ध्या दिवसात सहा फ्लाय बदलून एकही मासा न मिळालेला माणूस बहुधा एकदाही मेंड न केलेला असतो.

तरंगणी बुडायची वाट पाहण्याची पवईची सवय इथे सोडावी लागते. ट्राउट फ्लाय तोंडात घेतो आणि फसवणूक कळली की क्षणात थुंकतो. इंडिकेटर थबकला, तिरका झाला, जरासा अडखळला, तरी रॉड लगेच उचलायचा. हिसका नको. 5एक्सचा टिपेट साधारण दोन किलोच्या ताणाला तुटतो आणि हिसक्याने तो ताण सहज पार होतो. मासा पळू लागला तर पळू द्या, दोरी सैल पडू देऊ नका, रॉड आडवा धरून त्याला धारेतून कडेच्या संथ पाण्यात आणा.

हातात घेण्याआधी हात ओले करायचे. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्या जागी बुरशी लागते. काटा दाबलेला हुक पकडीने मागे ढकलला की सुटतो. अंगावर तांबडे ठिपके आणि त्यांभोवती फिकट कडी असेल तर ब्राउन. कडेला गुलाबी पट्टा असेल तर रेनबो. फोटो पाण्याच्या लगत, श्वास रोखून धरता येईल तेवढ्या वेळात. मग तोंड प्रवाहाकडे करून धरायचं, शेपूट स्वतःहून हलेपर्यंत.

चौथा दिवस: वरच्या अंगाला

गुशैणीच्या वरून ग्रेट हिमालयन नॅशनल पार्ककडे पायवाट जाते. 2014 पासून हे उद्यान जागतिक वारसा यादीत आहे. वाट नदीच्या कडेने, चढ बेताचा. उद्यानाच्या फाटकापर्यंतच गळ टाकायचा, फाटकाशी रॉड खोलून पिशवीत. इथे मासे लहान, वीत-दीड वीत, पण पाणी इतकं नितळ की सावली पडली तरी डोह रिकामा होतो. भडक टी-शर्ट नको. गुडघ्यावर बसून फेकायचं.

दुपारी अकरा-बाराच्या सुमाराला बारीक राखाडी मेफ्लाय पाण्यावरून उडताना दिसल्या आणि डोहाच्या शेपटीला (खालच्या टोकाला) गोल तरंग उठू लागले की निंफ काढून ड्राय, म्हणजे तरंगणारी, फ्लाय लावा. पॅराशूट ॲडम्स 18 नंबर, 5एक्स टिपेट. फ्लोटंट (फ्लाय तरंगती ठेवणारं मलम) बोटावर तांदळाच्या दाण्याएवढाच घ्यायचा. जास्त लावला तर पिसं चिकटून फ्लाय बुडते. लीडर फ्लायच्या आधी माशाच्या डोक्यावरून गेलं तर सगळं संपलं, म्हणून सरळ मागून नको, तिरकं खालून टाका. मागे देवदाराच्या फांद्या असतील तर रोल कास्ट: दोरी पाण्यावरच ठेवून रॉड हळू मागे कानाशी आणायचा, क्षणभर थांबून पुढे झटकायचा. शिवाजी पार्कात हा सराव होत नाही, कारण दोरी पाण्याला चिकटून राहते तेव्हाच रोल कास्ट भरतो. गवतावर करून "जमत नाही" म्हणणाऱ्यांनी निराश होऊ नये.

ऑक्टोबर सरत आला असेल तर उथळ, स्वच्छ धुतल्यासारख्या खडीच्या फिकट पट्ट्यांवर पाय देऊ नका. तिथे मादी शेपटीने खडी उकरून अंडी घालते. ब्राउन ट्राउट मुळचा इथला नाही: इंग्रजांच्या काळात स्कॉटलंडहून अंडी आणून 1900 मध्ये काश्मिरात तो रुजवला आणि 1909 च्या सुमाराला कुल्लूत आला. इथला मूळ रहिवासी स्नो ट्राउट, खालच्या बाजूला तोंड असलेला, दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा. तो लागला तर तसाच सोडून द्यायचा.

पाचवा दिवस

फलाचन नावाचा ओढा गुशैणीलाच तीर्थनला मिळतो. एका दिवसासाठी पुरेसा, आणि अरुंद असल्याने दोघांनी मिळून एकच रॉड चालवावा. एक माणूस फेकतो, दुसरा चुका बघतो. मासा लागला किंवा फ्लाय झाडात अडकली की पाळी बदलायची. पाचव्या दिवशी सर्वात जास्त शिकायला मिळतं ते या बघ्याला, कारण फरफट बाजूने स्पष्ट दिसते, फेकणाऱ्याला नाही.

वर कुठे पाऊस झाला असेल तर ओढा मिनिटांत चढतो. पाण्यात अचानक काड्या, पाला वाहून येऊ लागला, रंग चहासारखा झाला किंवा दगडांचा खडखडाट वाढला, तर सामान गोळा न करता आधी काठावर या. जुलै 2023 च्या पुरात या जिल्ह्यात काय झालं ते इथल्या प्रत्येकाला आठवतं. गाइड म्हणाला "निकलो" तर निघायचं, एक शेवटची फेक करत बसायचं नाही.

संध्याकाळी राजमा, तुपात बुडवलेले सिड्डू (सारण भरून वाफवलेली इथली रोटी). ट्राउट खायचा असेल तर शेततळ्यातला मागवा, नदीतला नको. चवीत फार फरक नाही असं खाणारेच सांगतात.

सहावा दिवस: परतताना आणि घरी

ओले वेडर्स बॅगेत कोंबले की वजनाचे पैसे भरावे लागतात, तेव्हा आदल्या रात्री उलटे करून टांगा. फेल्टचे तळवे पूर्ण सुकवूनच दुसऱ्या नदीवर न्या. ओल्या फेल्टमधून शेवाळ एका नदीतून दुसरीत जातं. चंदीगडचं संध्याकाळचं विमान असेल तर गुशैणी पहाटे पाचला सोडा.

मुंबईत पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी दोरी कोमट साबणाच्या पाण्यातून काढून मऊ फडक्याने पुसा. रीळ उघडून सुकवा, रॉड नळीत घालण्याआधी एक रात्र बाहेर ठेवा. आणि फ्लायच्या डब्या झाकणं उघडून पंख्याखाली दोन दिवस राहू द्या. बंद ठेवल्या तर इथल्या दमट हवेत आठवड्याभरात हुकांना गंज चढतो, आणि पुढच्या मार्चमध्ये पहिल्याच माशाला हुक वाकणापाशी तुटतो.